कोर्टावर ओतलेलं पाणी

मे महिन्यात आमच्या धुळ्यात दुपारची जेवणं झाली की घराघरांत फरशीवर पाणी टाकतात. दोन बादल्या खोलीभर ओतायच्या, खराट्यानं पाणी कोपऱ्यापर्यंत सारायचं, दारंखिडक्या लावून घ्यायच्या आणि त्या ओल्या शहाबादीवर पाठ टेकायची. कूलर आले, काहींकडे एसी आले, तरी हा उपाय सुटलेला नाही. हे आम्हाला कुणी शिकवत नाही, चालायला लागल्यापासून येतं. साठी ओलांडली तरी मी अजून तसंच करते. आणि याच उपायानं मी आमच्या बॅडमिंटन हॉलच्या सागवानी कोर्टाची वाट लावली. तेवढंच असतं तर मी लिहायला बसले नसते. करून सवरून मी नामानिराळी राहिले, आणि दोष गेला दुसऱ्या एका बाईच्या माथी.

हा हॉल आमच्या वडलांच्या पिढीतल्या हौशी लोकांनी उभा केलेला. जमीन सागाची. वीतभर रुंदीच्या लांबलचक फळ्या, खाली आडव्या कड्या, म्हणजे लाकडी तुळया, आणि त्या कड्यांखाली हात जाईल एवढी पोकळी, वारा खेळावा म्हणून. त्या वाऱ्यासाठी बाहेरच्या भिंतीला जमिनीलगत जाळीचे झरोके ठेवलेले आहेत. हॉलच्या समितीचे अध्यक्ष, ज्यांना सगळं गाव नाना म्हणतं, ते लहानपणी वडलांचा हात धरून या फळ्या ट्रकमधून उतरताना बघायला आले होते. आता ते ऐंशीच्या पुढे आहेत आणि ही गोष्ट दर बैठकीत सांगतात. मी याच कोर्टावर वेणी वर बांधून खेळायला लागले, कॉलेजात असताना जिल्ह्यापर्यंत खेळले, पुढे कचेरीतली नोकरी सांभाळून संध्याकाळची येत राहिले. गुडघे गेले तेव्हा मला चिटणीस केलं. आमच्याकडे ज्याचे गुडघे जातात त्याला पद मिळतं.

थोडक्यात, चाळीस वर्षं मी त्या जमिनीवर खेळले. एकदाही झाडली नाही.

झाडायची ती अक्का. ती माझ्याहून दहा वर्षांनी लहान, तरी हॉलवर सगळे तिला अक्काच म्हणतात. तिचं गाव शिरपूरच्या पुढे, सातपुड्याच्या पायथ्याशी. घरच्या माणसांशी ती तिकडची बोली बोलते, आमच्याशी अहिराणी. नवरा वारल्यावर मुलीला घेऊन धुळ्याला आली आणि हॉलच्या मागची खोली आणि हॉलची साफसफाई असं दोन्ही तिच्याकडे आलं. मुलगी आता नर्सिंगला आहे.

अक्काचं काम बघण्यासारखं होतं आणि मी ते बघून न बघितल्यासारखं करत होते, हे मला फार उशिरा कळलं. सकाळी ती पाय धुऊन यायची, दाराशी गोणपाटावर ते कोरडे करायची, मगच आत. नानांनासुद्धा तिनं एकदा चपला बाहेर काढायला लावल्या होत्या. झाडू मऊ, आणि तो फळीच्या लांबीनंच फिरायचा, कधी आडवा नाही. आमची काळी माती वाऱ्यानं कुठूनही आत येते आणि दोन फळ्यांच्या मधल्या फटीत जाऊन बसते. ती माती अक्का दाभणानं टोकरून काढायची, एकेक फट, गुडघ्यावर बसून. मग फडकं. जुन्या सुती लुगड्याचं, भिजवून पिळपिळून पिळलेलं. पिळल्यावर ती ते गालाला लावून बघायची. गालाला गार लागलं तर ओलं जास्त आहे, पुन्हा पिळायचं. फिनेलचा थेंब कोर्टावर चालायचा नाही. दिवाळीनंतर चार दिवस हॉल बंद ठेवून ती जवसाच्या तेलात थोडं टर्पेंटाइन घालून अगदी पातळ हात द्यायची आणि मग गोणपाटानं घासत राहायची, पाय सरकणार नाही इतकं कोरडं होईपर्यंत. ते चार दिवस सभासद कुरकुर करायचे आणि ती कुरकुर मी चिटणीस म्हणून तिच्यापर्यंत पोचवायचे. माझ्या नाकावर राग असतो, हे मी कबूल करते. घरात माझ्या बोलण्याला सगळे टरकून असतात, आणि मला त्याचं थोडं कौतुकही होतं.

गेल्या वर्षीच्या मे महिन्यात आम्ही मुलींचं उन्हाळी शिबिर ठेवलं होतं. बॅडमिंटनच्या हॉलमध्ये पंखा लावता येत नाही, शटलचं फूल वाऱ्यानं भरकटतं. कूलरचंही तेच. वर पत्रे तापलेले. तिसऱ्या की चौथ्या दिवशी संध्याकाळच्या तुकडीतली एक मुलगी चक्कर येऊन खाली बसली. तिच्या आईनं मला सगळ्यांसमोर सुनावलं, की पोरींना भाजायला बोलावता का इथं. मी रात्रभर धुमसले आणि दुसऱ्या दिवशी दुपारी अक्काला म्हटलं, “दोन तुकड्यांच्या मधे कोर्टावर पाणी टाक. संध्याकाळपर्यंत सुकेल आणि हॉल गार राहील.”

ती झाडू घेऊन तशीच उभी राहिली.

“ताई, हाई लाकूड शे. फरशी नही.”

“रोज ओल्या फडक्यानं पुसतेस ना?”

“पुसस. ओतस नही. बठ्ठं फुगी जाई.” सगळं फुगून जाईल, म्हणे.

“चाळीस वर्षं खेळतेय मी इथं. मला शिकवू नकोस.”

ती गेली आणि अर्धी बादली पाणी घेऊन आली. दाराशी थांबली. तिच्या हातून बादली घेतली ती मी. ओतलं ते मी. मग आणखी तीन बादल्या तिला आणायला लावल्या आणि त्याही मीच ओतल्या. भिजलेल्या सागाचा वास हॉलभर पसरला आणि खरोखर गार वाटलं. मी बाकावर बसून अनवाणी पाय त्या ओल्यावर टेकवले. संध्याकाळी वरून जमीन कोरडी दिसत होती, पोरी खूश होत्या, आणि आदल्या दिवशी सुनावणारी ती आई “बरं केलंत हो” म्हणाली. मग काय विचारता! दुसऱ्या आणि तिसऱ्या दिवशी मी बागेचा पाईप लावायला सांगितला. अक्कानं लावला. 

चौथ्या दिवशी सकाळी मुलींनी खेळायला सुरुवात केली आणि पायांचा आवाज बदललेला वाटला. मी वाकून बघितलं. प्रत्येक फळीच्या दोन्ही कडा वर आल्या होत्या आणि मधे खळगा पडला होता. उन्हात घातलेले पापड जसे कडेनं उचलतात, तशी अख्खी जमीन उचलली होती. या टोकापासून त्या टोकापर्यंत.

मी नानांना फोन केला. ते काठी टेकत आले, चपला बाहेर काढल्या, आणि कोर्टावर बसून फळ्यांवरून तळवा फिरवत राहिले. त्यांचे डोळे भरून आले होते. त्यांना उठवायला दोघं लागले.

“कोणी केलं हे?” त्यांनी विचारलं.

मी म्हणाले, “अक्कानं पाणी टाकलं.”

यातला एकही शब्द खोटा नव्हता. तिसऱ्या दिवशी पाईप तिच्याच हातात होता. पण मला माहीत होतं मी काय करतेय. बोलताना माहीत होतं.

त्याच संध्याकाळी समितीची बैठक झाली. पाच पुरुष आणि मी. कुणी म्हणालं, इतकी वर्षं काम करते आणि एवढी अक्कल नाही. दुसरे म्हणाले, “या लोकांना लाकडातलं काय कळतं?” जी बाई सागाच्या जंगलाकडेला जन्मली, जी फडकं गालाला लावून बघते, तिच्याबद्दल हे चाललं होतं, आणि मी मूग गिळून बसले होते. तिला कामावरून कमी करावं आणि महिनाअखेर खोली मोकळी करून घ्यावी, असं ठरलं. चिटणीस म्हणून ते बैठकीच्या वहीत मीच लिहिलं. माझं अक्षर चांगलं आहे.

तिला सांगायचं कामही माझंच. ती खोलीच्या दारात बाजरी निवडत बसली होती. मी उभ्या उभ्या सांगितलं. 

“तुम्ही काय सांगं तेस्ले?”

तुम्ही समितीला काय सांगितलंत, असा सरळ प्रश्न. मी म्हटलं, “सगळ्यांनी मिळून ठरवलंय, अक्का.” तिनं तो प्रश्न दुसऱ्यांदा विचारला नाही. सुपातला एक खडा काढून बाजूला टाकला आणि म्हणाली, “पोरनी परीक्षा शे जूनमा.” मी “बघू” म्हटलं. काही बघणार नव्हते. माझ्या हातात बघण्यासारखं एकच होतं आणि ते करायचं धैर्य मला नव्हतं.

रागीट माणूस धीट असतो असं लोकांना वाटतं. साफ खोटं आहे. मी तावातावानं कुणाशीही भांडू शकते, पण “चुकलं माझं” हे दोन शब्द माझ्या तोंडात अडकतात. त्या दिवसांत जेवण जात नव्हतं. पहाटे उठून बसायचे आणि मनातल्या मनात नानांना सांगायचे. उजाडलं की धीर जायचा.

हॉल बंदच होता, तरी मी चिटणिसाच्या खोलीत जाऊन बसायचे. एक दिवस खिडकीतून दिसलं, अक्का बाहेरच्या भिंतीलगत उकिडवी बसून खुरप्यानं काहीतरी उकरतेय. गेले. जमिनीलगतचे झरोके बागेच्या मातीनं आणि पालापाचोळ्यानं बुजले होते. ती ते एकेक मोकळे करत होती.

“आता कशाला करतेस हे?”

“वरलं पानी वाळी गयं. खालनं तठेच शे,” ती म्हणाली, मान वर न करता.

हे तिनं हॉलच्या प्रेमानं केलं, मोठ्या मनानं केलं, असं मी म्हणणार नाही. तिला विचारलंही नाही. बिघडलेलं काम तिला बघवत नसावं. मला मात्र तिथून पळून जावंसं वाटलं.

आठवड्याभरानं चाळीसगावहून मिस्त्री आले. पांढरी दाढी, डोक्यावर जाळीची टोपी, पिढीजात सुतार. सगळे त्यांना चाचा म्हणत होते. खानदेशात लाकडी कोर्टाचं काम जाणणारी माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी, त्यातले ते एक. ते आले आणि सरळ जमिनीवर पालथे झाले. एक डोळा मिटून फळ्यांच्या लांबीनं बराच वेळ बघत राहिले. समितीचे पाचही जण आणि मी भोवती उभे. एका सभासदाला घाई होती, स्पर्धा जवळ आली होती. ते म्हणाले, “चाचा, रंधा मारून सपाट करून टाका.”

“आज मारला तर आज सपाट दिसेल, साहेब,” चाचा उठून कपडे झटकत म्हणाले. “आता फळी पाणी पिऊन बसलीय, म्हणून कडा वर. कडा आज छाटल्या आणि फळी दिवाळीपर्यंत पूरी सुकली, की कडा खाली जाणार आणि मधे कुबड राहणार. मग ते कुणाच्या बापाच्यानं दुरुस्त होणार नाही. आधी मला सांगा, पाणी किती टाकलं? किती दिवस? त्यावर ठरेल किती थांबायचं.”

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हणाले, “अक्कालाच विचारा.”

इतकं होऊनसुद्धा मी हेच म्हणाले.

अक्काला बोलावलं. तिनं दाराशी गोणपाटावर पाय पुसले, एवढी जमीन उचललेली असतानाही पुसले, आणि उंबऱ्याच्या आत येऊन उभी राहिली.

“बहन, पाणी किती दिवस टाकलं?” चाचांनी विचारलं.

“तीन दिन. पहिले दिन बादल्या. मंग पाईप, अर्धा अर्धा तास.”

“आणि पाईप लावायची अक्कल कुणी दिली तुला?” तो घाईवाला सभासद मधेच म्हणाला.

“ताईले विचारा.”

तिनं माझ्याकडे बघून सांगितलं, ओरडून नाही, रडून नाही. आणि सगळे हसले. नाना रागावलेदेखील नाहीत. समजुतीच्या सुरात म्हणाले, “अक्का, झालं ते झालं. आपल्या चुकीत ताईंना कशाला ओढतेस? त्या चिटणीस आहेत.”

खरं आहे का, असं मला कुणी विचारलं नाही. एकानंही माझ्याकडे वळून बघितलं नाही. माझ्यावर त्यांचा एवढा विश्वास होता आणि तिच्यावर एवढाही नव्हता, आणि या दोन्हीसाठी आम्ही दोघींनी काहीच केलं नव्हतं. जन्मभर लोकांनी माझा शब्द मानला याचा मला अभिमान होता. त्या क्षणी त्याची शरम वाटली.

मी म्हणाले, “ती खरं सांगतेय. पहिल्या दिवशी पाणी मीच ओतलं. पाईपही मीच लावायला सांगितला. ती नको म्हणत होती.”

 नाना खाली फळ्यांकडे बघत होते. घाईवाल्या सभासदानं उगीच घड्याळ बघितलं. एकट्या चाचांना माझ्या अपराधाशी काही देणंघेणं नव्हतं. त्यांनी विचारलं, “पहिल्या दिवशी किती बादल्या, मॅडम?”

“साडेतीन.”

त्यांनी बोटांवर हिशेब केला, बाहेर जाऊन मोकळे झालेले झरोके बघून आले, आणि हे कुणी केलं ते विचारून अक्काकडे बघत मान हलवली. म्हणाले, हे उघडले नसते तर खालून बुरशी धरली असती. मग सांगितलं, की पश्चिमेच्या खिडक्या बंद ठेवा, ऊन आत येऊ देऊ नका, पंखा लावू नका, कुणी पाय ठेवू नका, आणि घाई तर अजिबात नको. फळी हळूहळू सुकू द्या, ती आपली आपण बसेल.

ती बसली. पावसाला तोंड फुटायच्या आत बहुतेक फळ्या पूर्ववत झाल्या. पश्चिमेच्या भिंतीजवळच्या तीन बसल्या नाहीत, त्या चाचांनी बदलल्या, आणि दिवाळीनंतर अगदी हलका रंधा फिरवला. नव्या फळ्यांचा रंग अजून वेगळा दिसतो. समितीनं ठराव मागे घेतला आणि अक्काचं काम आणि खोली दोन्ही राहिलं. चिटणीसपद मी सोडते म्हणाले, तर कुणी एकदाही “राहू द्या” म्हटलं नाही. बरोबरच होतं ते.

पण मला सांगायचंय ते चाचा येऊन गेल्याच्या दुसऱ्या दिवशीचं. मी अक्काच्या खोलीवर गेले. दारातच मुलीची पत्र्याची पेटी भरून ठेवलेली होती, पुस्तकं सुतळीनं बांधलेली. परीक्षा तोंडावर आलेली आणि पोरीची पुस्तकं आठवडाभर बांधलेली होती. अक्कानं मला बसायला सतरंजी दिली, पाणी दिलं. मी म्हणाले, “अक्का, चुकलं माझं.” इतके दिवस अडकलेलं वाक्य, म्हणाल्यावर अगदीच लहान वाटलं.

ती “असू द्या” म्हणाली नाही. मी त्याची वाट बघत होते, हेही खरं.

“ताई, आज तुम्ही शेतस,” ती म्हणाली. “उद्या दुसरा येई. त्याले काय माहीत? वहीमा लिखी ठेवा.”

मी तशीच उठले आणि बैठकीची वही घेऊन आले. तिच्या समोर सतरंजीवर बसून लिहिलं, की आधीचा ठराव रद्द आहे, कोर्टावर पाणी टाकण्याचा निर्णय सर्वस्वी चिटणिसांचा होता, पहिल्या दिवशी त्यांनी ते स्वतःच्या हातानं ओतलं, आणि यात अक्काचा काहीही दोष नाही. अक्काच्या जागी तिचं पूर्ण नाव लिहिलं. खाली सही केली. सही करताना मला जरा हलकं वाटलं, थोडं मोठं झाल्यासारखंही वाटलं. खोटं कशाला बोलू.

अक्काला वाचता येत नाही. तिनं मुलीला हाक मारली. मुलगी आली, वही हातात घेतली आणि शाळेत धडा वाचावा तसं सावकाश वाचून दाखवलं. अक्का मान खाली घालून शेवटपर्यंत ऐकत होती. संपल्यावर ती मुलीला नाही, मला म्हणाली, “मी नको सांगं व्हतं. ते कोठे शे?”

तिनं नको म्हणून सांगितलं होतं, ते वहीत कुठंच नव्हतं. तिचा दोष पुसला की झालं, असं मी धरून चालले होते. तिला लाकूड कळतं आणि मला कळत नव्हतं, हे लिहायचं माझ्या डोक्यातही आलं नव्हतं.

सहीच्या खाली जागा उरली नव्हती. मी वही आडवी करून समासात लिहिलं, की लाकडावर पाणी ओतू नये, फळ्या फुगतील, असं त्यांनी मला आधीच सांगितलं होतं, आणि मी ऐकलं नाही. मुलीनं तेही वाचून दाखवलं. अक्कानं तिच्याकडून ते आणखी एकदा वाचून घेतलं.